शंखद्वीपानं आयकर वाढवून नीलतटावर वसाहत करावी का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत दर रविवारी जमून आम्ही 'शंखद्वीप' नावाचं एक काल्पनिक राष्ट्र चालवतो, हे इथल्या जुन्या सभासदांना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो. आगबोटी आणि तारयंत्र आलेलं, वीज अजून यायची आहे, असा काळ. चाळीस लाख वस्तीचं बेट. लोकसभा आहे, मंत्रिमंडळ आहे, प्रत्येक खेळाडूकडे एक मतदारसंघ आणि एक धंदा. महसूल, पीकपाणी, वादळं हे सगळं पंच ठरवतात. या हंगामात अर्थखातं माझ्याकडे आहे.

येत्या रविवारी मी वसाहत विधेयक मांडतोय. समुद्रापलीकडे नीलतट नावाचा किनारा आहे. मिरी, इमारती लाकूड आणि खोल पाण्याचं बंदर. तिथं दोन ठाणी उभारायची, दोन हजार कुटुंबं न्यायची, एक पलटण ठेवायची. पैसा आयकरातून. आज आमच्याकडे ३०० मोहरांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, त्यापुढे १००० पर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १२ टक्के. मी ८ आणि १८ टक्के मागतोय, तीन वर्षांसाठी.

विरोधी बाकांवरून सूचना आलीय की कर्जरोखे काढा, लोकांना आत्ताच त्रास कशाला. मला ते अजिबात मान्य नाही. कर्जावर चालणारी मोहीम आज कुणालाच टोचत नाही, म्हणून ती थांबतही नाही. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी ब्रिटनचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन यानं पार्लमेंटात हेच मांडलं होतं, की युद्धाचा खर्च त्या त्या वर्षी करातून भागवला तर मुलूख जिंकायच्या हावेला लगाम बसतो. त्यानं आयकर पौंडामागे ७ पेन्सवरून १४ पेन्सवर नेला. माणसाच्या पगारातून पैसे कापले गेले तर तो विचारणारच, नीलतटावर काय चाललंय?

तुम्ही शंखद्वीपाचे करदाते असता तर मत दिलं असतं का? कारणासकट लिहा. खेळ असला तरी मी हे विधेयक मनापासून मांडणार आहे.

तांबडापांढरा | सोमवार, रात्री ९:२२

नाही. पुढचा प्रश्न?

बिंदूचौकी | सोमवार, रात्री ९:३१

भावा, कोल्हापुरात बसून नवा कर मागतोयस, काळीज लागतं त्याला! टोल विसरलास काय? रस्ते झाले होते, तरी गावानं टोल दिला नाही. एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर होतं. शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला.

आणि एक लक्षात घे. लोकांचा राग नुसता रस्त्यांवर नव्हता. करार कुणी केला, आम्हाला विचारलं कुणी, हिशोब कुठाय, हे तीन प्रश्न होते. तुझ्या विधेयकात या तिन्हींची उत्तरं दिसत नाहीत.

सीए_ताई | सोमवार, रात्री १०:०५

रंकाळाकाठ, दर किती हे मी नंतर बघते. आधी सांगा, कर नक्की भरतं कोण?

इंग्लंडात पिट यानं १७९९ साली पहिला आयकर आणला तो फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी. ६० पौंडांच्या आतल्या उत्पन्नाला माफी, २०० पौंडांच्या वर १० टक्के. युद्ध संपल्यावर १८१६ मध्ये तो गेला. मग १८४२ साली पील यानं परत आणला. १५० पौंडांवरच्या उत्पन्नाला पौंडामागे ७ पेन्स, म्हणजे जवळपास ३ टक्के. किती वर्षांसाठी? तीन! तो अजून चालू आहे. आजही कायद्याच्या दृष्टीनं ब्रिटनचा आयकर तात्पुरताच आहे, दरवर्षी पार्लमेंट तो नव्यानं लावतं. तेव्हा तुमच्या 'तीन वर्षांसाठी'वर मी पेन्सिलनं खूण करून ठेवलीय.

ग्लॅडस्टनचा दाखला तुम्ही अर्धा दिलात. तो म्हणाला ते खरं, पण त्याच युद्धात रोखेही काढावे लागले, आणि १८५५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या लुईसनं आयकर १६ पेन्सवर नेऊनसुद्धा मोठं कर्ज काढलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध. आयकर ८ पेन्सवरून १ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे १५ पेन्सपर्यंत गेला. युद्धाचा खर्च २० कोटी पौंडांच्या वर, आणि त्यातला बराच मोठा भाग उसनाच होता. करानं लगाम बसतो हा तुमचा पायाच कच्चा आहे. कर वाढतो, कर्जही वाढतं आणि मोहीमही चालूच राहते.

आता शंखद्वीपाचं सांगा. शेतीचं उत्पन्न करात धरलंय का? जहाजवाल्यांच्या नफ्याचा हिशोब कोण तपासतो? पगारदाराचा कर कापूनच येतो, त्याला पळवाट नाही. गेल्या हंगामाचं इतिवृत्त मी वाचलंय. नीलतट हवा असं ओरडणारे सगळे मिरीचे व्यापारी आणि जहाजमालक आहेत. कर मात्र शाळामास्तर, कारकून आणि गोदीतले मिस्त्री भरणार.

उसाचा_फड | सोमवार, रात्री १०:४०

आलं का शेतीचं उत्पन्न! कुठलाही धागा असू दे, सीए लोकांची गाडी शेवटी उसाच्या फडातच येऊन थांबते.

ताई, राग मानू नका. पण शेतकरी कर भरत नाही हे अर्धंच बोललं जातं. खत, डिझेल, पाइप, मोटार, सगळ्यावर कर देतोच की. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरचा ऊस पाण्याखाली कुजला, तेव्हाच्या नुकसानीचा हिशोब कुठल्या रकान्यात धरणार?

सीए_ताई | सोमवार, रात्री १०:५८

दादा, तुमच्याबद्दल बोलतच नव्हते. चार एकरवाल्याला आयकर लावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक माहिती म्हणून सांगते. आपल्याकडे १८६० साली पहिला आयकर आला तेव्हा शेतीचं उत्पन्न त्यात होतं. १८८६ च्या कायद्यानं ते वगळलं, ते आजतागायत. म्हणजे काय धरायचं आणि काय सोडायचं हे राज्यकर्ते सोयीनं ठरवतात. शंखद्वीपात ते कुणाच्या सोयीनं ठरलंय, एवढंच विचारते आहे.

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:२०

ताई, उत्तर देतो. खंड (कुळांकडून येणारं जमिनीचं भाडं) आणि जमिनीचं उत्पन्न करात नाही, जमीनदारांच्या पक्षानं दोन हंगामांपूर्वी ते वगळून घेतलं. जहाजवाल्यांचा नफा ते स्वतः जाहीर करतात, तपासणी नाही. पगारदार आणि कारखानदार मिळून आयकराचा चार पंचमांश भाग देतात.

तरीही कर्जापेक्षा कर बरा या मतावर मी ठाम आहे. कर्जाचे रोखे घेणार तेच जहाजवाले. म्हणजे वसाहतीतून नफा त्यांचा, आणि वर व्याजही त्यांनाच, तेसुद्धा आपल्या नातवंडांच्या खिशातून.

गडकऱ्यांचा_पोर | मंगळवार, सकाळी ७:५०

रात्री धागा वाचला आणि झोप लागेना. कर की कर्ज यावर सगळे भांडताय, पण वसाहतीचा खर्च शेवटी फिटतो कुठून ते बघा. त्यासाठी लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो.

१८४४. करवीर संस्थानात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून बसवलं होतं. वसुली नीट लावायची म्हणून त्यांनी किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या गड राखायच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी त्या. सामानगडानं दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड उठला. ओव्हान्स नावाचा इंग्रज कर्नल पकडून गडकऱ्यांनी पन्हाळ्यावर ठेवला होता. मग फौजा आल्या, तोफा आल्या, त्या वर्षाच्या अखेरीला पन्हाळा पडला आणि गडांची तटबंदी पाडली.

आता बिल. त्या फौजेचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीनं भरला नाही, लंडनच्या करदात्यानंही भरला नाही. तो संस्थानावर कर्ज म्हणून चढवला. म्हणजे ज्यांच्या घरावर तोफा डागल्या त्यांनीच तोफेच्या गोळ्याचे पैसे दिले.

हेच पुढे देशभर झालं. १८५७ चा उठाव मोडायचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. तिजोरी रिकामी झाली म्हणून लंडनहून जेम्स विल्सन नावाचा अर्थतज्ज्ञ आणला. त्यानं १८६० मध्ये आयकर लावला, २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नाला २ टक्के, वर ४. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेल्यन स्वतः इंग्रज, त्यानं उघड विरोध केला तर त्याला परत बोलावलं. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. कर १८६५ पर्यंत चालला. कंपनी बुडाली तरी तिच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत आपल्याच महसुलातून जात होता.

तेव्हा रंकाळाकाठ, तुमचा १८ टक्के तीन वर्षांचा. नीलतटाची माणसं मात्र कायमची भरत राहणार. त्यांचा आकडा विधेयकात कुठे आहे?

आजरा_घनसाळ | मंगळवार, सकाळी ८:१५

+१. काटा आला अंगावर. सामानगड आमच्या गडहिंग्लजकडचा. गडावर गेलो की ती पाडलेली तटबंदी बघतो, पण त्याचं बिल आपल्यालाच लावलं होतं हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी विधेयकाच्या बाजूनं आहे, आणि सगळे एकाच बाजूला बोलताय म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो.

मी फाउंड्रीवाला. खेळातही माझ्याकडे ओतकामाचा कारखाना आहे. वसाहत म्हणजे नुसती पलटण नव्हे. आगबोटींची इंजिनं, धक्क्यावरच्या याऱ्या, रुळ, पूल, या सगळ्याच्या ऑर्डरी आपल्या कारखान्यांना मिळतात. करातून गेलेला पैसा मजुरीतून परत शंखद्वीपातच फिरतो.

आणि सगळ्या वसाहती तोट्यात गेल्या असं नाही. जपानचं उदाहरण घ्या. १८९५ मध्ये तैवान घेतलं. सुरुवातीला दरवर्षी मायदेशाच्या तिजोरीतून पैसा ओतावा लागला. मग गोतो शिम्पेई नावाचा प्रशासक आला. जमिनीची मोजणी केली, रेल्वे टाकली, साखरेचे कारखाने आणले. १९०५ च्या सुमाराला तैवान स्वतःच्या पायावर उभं राहिलं, जपानच्या करदात्याचा भार उतरला. दहा वर्षं! रंकाळाकाठ तीन म्हणतायत ते कमीच आहे, पण दिशा बरोबर आहे. घाबरून घरात बसणाऱ्या देशात उद्योग वाढत नाहीत.

गडकऱ्यांचा_पोर | मंगळवार, दुपारी २:१०

उद्यमनगरी, गोतोनं तो पैसा कशातून उभा केला तेही सांगा ना. अफू, मीठ, कापूर यांची सरकारी मक्तेदारी. अफूचं व्यसन असलेल्या माणसाला परवाना द्यायचा आणि त्याच्या व्यसनातून तिजोरी भरायची. रेल्वे झाली हे खरं आहे. ती कुणाच्या जिवावर झाली हेही तितकंच खरं आहे.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी २:२५

मान्य, अफूचं समर्थन मी करणार नाही. आमच्या विधेयकात अफूबंदीचं कलम घाला, मी सही करतो. पण रेल्वे आणि मोजणी वाईट होती असं नका म्हणू.

तांबडापांढरा | मंगळवार, दुपारी २:४०

नीलतटावर मिसळ मिळणार असेल तर मी विचार करीन.

ग्लासगोचा_पाव्हणा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मूळचा मंगळवार पेठेतला, आता नोकरीमुळे स्कॉटलंडात. इथली एक गोष्ट तुमच्या खेळाला तंतोतंत लागू पडते म्हणून लिहितो.

सतराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंड हे स्वतंत्र, गरीब राज्य होतं. शेजारी इंग्लंड वसाहतींवर गब्बर होताना दिसत होतं. म्हणून स्कॉट लोकांनी ठरवलं, पनामाच्या संयोगभूमीवर दारिएन इथं वसाहत करायची. कर लावला नाही, वर्गणी काढली. सरदार, व्यापारी, वकील, विधवा बायका, नगरपालिका, सगळ्यांनी पैसे घातले. ४ लाख पौंडांची वर्गणी लिहिली गेली, देशाच्या मानानं ती रक्कम प्रचंड होती. १६९८ मध्ये जहाजं निघाली. ताप, उपासमार, स्पॅनिश वेढा. १७०० पर्यंत सगळं संपलं. गेलेल्यांपैकी बहुतेक माणसं मेली.

१७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन झाली. त्या करारात इंग्लंडनं ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग दिले, त्यातला मोठा भाग दारिएनमध्ये बुडालेल्यांची भरपाई म्हणून वाटला गेला. विलीनीकरणाला इतरही कारणं होती, पण बुडीत पैशाचं ओझं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही.

माझा मुद्दा रंकाळाकाठ यांच्या बाजूचा आहे आणि विरुद्धचाही. वर्गणीत निदान ज्याला हाव होती त्यानंच पैसे घातले. कर लावला की ज्याला नीलतट नकाशावर दाखवता येणार नाही त्याचाही पैसा बुडतो. दुसरीकडे, खासगी वर्गणीनंसुद्धा राज्य गेलंच. तेव्हा पैसा कुठल्या दारानं आला यापेक्षा किती पणाला लावला हे महत्त्वाचं. तुमच्या वार्षिक महसुलाच्या किती टक्के या मोहिमेवर जातंय?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

पाव्हणं, चांगला प्रश्न. पहिल्या वर्षी २२ टक्के, पुढे १५ आणि १५. वादळात एक ताफा बुडाला तर पंच काय करतील ते सांगता येत नाही.

सीए_ताई | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

बावीस टक्के!! आणि राखीव निधी? आकस्मिक खर्चाची तरतूद?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, संध्याकाळी ७:४४

राखीव निधी सध्या नाही.

भवानी_मंडप | मंगळवार, संध्याकाळी ७:५९

अवांतर: राजारामपुरीतल्या त्या हॉलला रविवारी पार्किंगला जागा असते का? यायचं मनात आहे, पण गाडी कुठं लावायची ते सांगा.

बिंदूचौकी | मंगळवार, रात्री ८:०४

मागच्या गल्लीत लावा, शाळा बंद असते.

आजरा_घनसाळ | मंगळवार, रात्री ९:२०

एक साधा प्रश्न आहे. नीलतटावर कोण राहतं? आणि तुमच्या खेळात त्यांच्या वतीनं कोण खेळतं?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ९:३५

पंचांच्या नोंदीप्रमाणे साठ हजार लोक. मासेमारी, डोंगरउतारावर भात आणि नाचणी, जंगलातला मध. नऊ टोळ्या, प्रत्येकीचा मुखिया. त्यांच्या वतीनं कुणी खेळाडू नाही. पंच फासा टाकून त्यांचा प्रतिसाद ठरवतात.

आजरा_घनसाळ | मंगळवार, रात्री १०:१०

मग ऐका. साठ हजार माणसांचं मत फाशावर ठरतंय, आणि आपण इथं ८ टक्के की ५ यावर दोन दिवस बोलतोय.

गडकऱ्यांचा_पोर यांनी जे लिहिलं त्याच्या पुढचं सांगतो. वसाहत झाली की पहिलं काम काय होतं? घरपट्टी. सिएरा लिओनमध्ये इंग्रजांनी १८९८ साली झोपड्यांवर कर लावला. लोकांनी विचारलं, आमच्याच घरात राहायचं भाडं तुम्हाला का द्यायचं? बाई बुरे नावाच्या म्होरक्यानं कित्येक महिने इंग्रजी फौजेला झुंजवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १९०६ साली प्रौढ पुरुषामागे एक पौंड डोईपट्टी वसूल करायला लागले, त्यातून बंबाथा या झुलू म्होरक्याचा उठाव झाला आणि हजारो झुलू मारले गेले.

या कराचा हेतू नुसता महसूल नव्हता. कर रोकड्यात द्यायचा. रोकड शेतात उगवत नाही, म्हणजे गोऱ्यांच्या मळ्यावर किंवा खाणीत मजुरीला जावंच लागतं. आपल्या आजऱ्याच्या माणसाला उद्या कुणी सांगितलं की घनसाळ भात चालणार नाही, नाणंच दे, तर तोही घर सोडून कामाला निघेल.

रंकाळाकाठ, तुम्ही म्हणता करदाता प्रश्न विचारेल. शंखद्वीपाचा विचारेल, कारण त्याला मत आहे. नीलतटाचा करदाता कुठं विचारणार? त्याला तर लोकसभेत खुर्चीच नाही. माझं मत विरोधात, आणि दर शून्य केलात तरी विरोधातच राहील.

उसाचा_फड | मंगळवार, रात्री १०:२५

घनसाळ, आजवरची सगळ्यात वजनदार पोस्ट. पटलं राव.

शाळेतल्या_बाई | बुधवार, सकाळी ६:३०

मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर काल सगळा धागा वाचला. मला वेगळ्या दिशेनं सांगायचं आहे.

उद्यमनगरी म्हणतात, घरात बसणाऱ्या देशात उद्योग वाढत नाहीत. आपण ज्या शहरात राहतो ते कसं वाढलं? शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाची बाजारपेठ उभी राहिली. १९०६ मध्ये कापडगिरणी. मग राधानगरीच्या धरणाचं काम. ते मध्येच थांबलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला, पण आज या जिल्ह्याचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड! कुठल्याही परक्या किनाऱ्यावर न जाता एवढी भर पडली.

मी शंखद्वीपाची मास्तरीण असते तर ३ टक्के जास्त कर आनंदानं भरला असता. पण त्यातून मला शंखद्वीपातच धरण आणि शाळा हव्यात. मोहिमेला मत नाही, कराला आहे. विधेयकात हे दोन एकत्र बांधलेत, ते सोडवा.

गगनबावडा | बुधवार, सकाळी ९:००

बाई, आदर आहे, पण तुलना पुरती लागू होत नाही. करवीर हे इंग्रजांच्या मांडलिकीतलं संस्थान होतं. समुद्राकडचं दार तर १८१२ च्या तहातच बंद झालं, मालवण आणि सिंधुदुर्ग तेव्हाच इंग्रजांना द्यावे लागले. महाराजांना बाहेर हातपाय पसरायला वावच नव्हता. स्वतंत्र देश असता तर काय केलं असतं, कोण सांगणार?

उलट मराठ्यांचाच इतिहास बघा. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा १७१९ मध्ये मिळाल्या आणि त्या वसुलीवर फौजा उत्तरेला गेल्या. मुलूख वाढला, पण थोरले बाजीराव आयुष्यभर कर्जात होते. सावकारांना आणि ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली त्यांची पत्रं वाचली की वाईट वाटतं. पसरणाऱ्या राज्याची तिजोरी भरलेली असते हा समज आपल्याच पूर्वजांनी खोटा ठरवलाय.

शाळेतल्या_बाई | बुधवार, सकाळी ९:२५

गगनबावडा, वाव नव्हता हे मान्य. पण जो पैसा हातात होता तो कुठं घालायचा हा निर्णय त्यांचाच होता. बाकीचे कित्येक संस्थानिक तो राजवाड्यांवर आणि विलायतेच्या सफरींवर उडवत होते.

बिंदूचौकी | बुधवार, सकाळी ९:४०

बाईंना +१००. हेच! शेजाऱ्याच्या रानात विहीर पाडायला आपल्या घरात वर्गणी कशाला?

उद्यमनगरी | बुधवार, दुपारी १:२०

धरणाच्या दरवाज्यांचं ओतकाम माझ्या कारखान्याला मिळणार असेल तर बाईंच्या प्रस्तावाला माझा विरोध नाही. पण एक इशारा. नीलतट आपण घेतला नाही तर उत्तरेकडचं मकरराज्य घेईल, पंचांनी तसं सूचित केलंय. मग त्यांचं आरमार आपल्या दारात. धरण बांधून आरमार अडत नाही.

गडकऱ्यांचा_पोर | बुधवार, दुपारी १:५०

आपण नाही तर दुसरा घेईल, हे वाक्य प्रत्येक साम्राज्यानं वापरलंय. १८८४ नंतर आफ्रिकेची वाटणी त्याच एका भीतीवर झाली. इटलीसारखा नुकताच एक झालेला गरीब देशही त्यात उतरला आणि १८९६ मध्ये अडोवाला इथिओपियाकडून सपाटून मार खाऊन आला. पंतप्रधान क्रिस्पीचं सरकार पडलं. मकरराज्याची भीती असेल तर नीलतटाच्या नऊ मुखियांशी तह करा, त्यांना बंदुका आणि बंदराचं भाडं द्या. पलटणीपेक्षा स्वस्त पडेल.

सीए_ताई | बुधवार, दुपारी ३:१०

तहाचा खर्च काढून दिला तर मी आकडे तपासून देते. अंदाजे महसुलाच्या दोन-तीन टक्क्यांत बसायला हरकत नाही. त्यासाठी आयकराला हात लावायचीही गरज नाही. जहाजवाल्यांच्या नफ्याची तपासणी सुरू करा आणि खंडाचं उत्पन्न परत करात आणा, बस्स.

भवानी_मंडप | बुधवार, संध्याकाळी ५:३०

मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. गोखले १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले होते ते याच विषयावर ना? हिंदुस्थानचा लष्करी खर्च, सरहद्दीवरच्या मोहिमा, आणि त्याचं ओझं रयतेवर का. दादाभाई नौरोजी स्वतः त्या कमिशनवर होते. तेव्हा आपल्याला निदान साक्ष द्यायला जागा होती. नीलतटाच्या लोकांना रविवारच्या लोकसभेत साक्षीला बोलावता येईल का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ९:५०

सगळं दोनदा वाचलं. भवानी_मंडप, तुमच्या प्रश्नावरून आज पंचांना फोन केला. त्यांनी मान्य केलंय, नीलतटाच्या वतीनं दोन खेळाडू बसतील आणि पहिल्या वाचनात त्यांना बोलू दिलं जाईल. मतदानाचा हक्क मात्र नाही, तो शंखद्वीपाच्या घटनेत बसत नाही.

विधेयक मी मागे घेत नाही, दोन भाग करतोय. पहिला भाग बाईंचा. १२ चे १५ टक्के, फक्त १००० मोहरांच्या वर, पैसा उत्तर खोऱ्यातल्या धरणाला आणि शाळांना. खालच्या ५ टक्क्यांना हात नाही. दर वर्षी सभागृहानं नव्यानं मंजूर केला तरच पुढे चालू. सोबत सीए_ताईंची दोन्ही कलमं, खंड करात आणि जहाजांच्या हिशोबाची तपासणी.

दुसरा भाग नीलतटाचा. पलटण आणि ठाणी वगळली. फक्त बंदरासाठी तहाची बोलणी, खर्च महसुलाच्या तीन टक्क्यांच्या आत. कर्जरोखे नाहीत, यावर मी अजूनही हटणार नाही. उद्यमनगरी, मला तुमचं मत हवंय, कारण तुमच्या गटाशिवाय पहिला भागसुद्धा पडेल.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०:१५

पहिल्या भागाला आमच्या गटाची सात मतं धरा. दुसऱ्याला नाही. पलटणीशिवाय बंदर म्हणजे मकरराज्याला आमंत्रण, हे मी रविवारी उभं राहून सांगणार आहे. तिथं भांडू.

सीए_ताई | बुधवार, रात्री १०:२२

खंडाच्या कलमावर जमीनदार पक्ष गोंधळ घालणार. शनिवारी संध्याकाळी बसून आकडे पक्के करू. मसुदा पाठवा.

तांबडापांढरा | बुधवार, रात्री १०:३०

पहिल्या भागाला हो. लिहून ठेवा, माझं पहिलं 'हो' आहे हे या फोरमवरचं.

आजरा_घनसाळ | बुधवार, रात्री १०:४१

मी विरोधातच. तह करायला जाणारी जहाजं परत येताना पलटण उतरवून येतात. पण नीलतटाच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर मी बसायला तयार आहे. दुसरीवर कोण?

उसाचा_फड | बुधवार, रात्री १०:५५

मी बसतो. डोंगरउतारावरच्या भात-नाचणीवाल्यांचा मुखिया मी. रविवारी आल्या आल्या तीन गोष्टी लेखी मागणार, आत्ताच सांगून ठेवतो. बंदराचं भाडं दर हंगामाला आगाऊ, आणि ते ठरवणार आम्ही नऊ मुखिये मिळून. आमच्या माणसावर, घरावर, होडीवर शंखद्वीपाचा कसलाही कर नाही, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. आणि तुमच्या फौजेनं आमच्या किनाऱ्यावर एक गोळी जरी झाडली, तरी तिचा खर्च आमच्या खात्यावर चढणार नाही. घनसाळ, शुक्रवारी गडहिंग्लजला भेटू, बाकीची कलमं तिथं लिहू.